घाटात दम सोडणारी जुनी स्पोर्ट्स गाडी : पेट्रोल कुठे अडतंय ते शोधायचा क्रम

सपाटीला गाडी झकास पळते, बाजारात आयडलला (पाय न दाबता, जागेवर इंजिन चालू) गुरगुरत उभी राहते आणि कुंभार्ली किंवा आंबा घाट अर्धा चढली की गचके द्यायला लागते. बाजूला घेऊन दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. या तक्रारीवर ठरलेला उपाय म्हणजे आधी कार्बोरेटर साफ, मग नवा फ्युएल पंप, मग प्लग, मग कॉइल. हजारो रुपये जातात आणि पुढच्या घाटात गाडी त्याच वळणावर उभी राहते. इंजिनाला खरोखर पेट्रोल कमी पडतंय का, आणि पडत असेल तर ते पंपाच्या मागे अडतंय की पुढे, ही दोन उत्तरं मिळेपर्यंत एकही पार्ट विकत घेऊ नका.

आयडलला गाडी ठीक चालते म्हणजे पेट्रोल नीट येतंय, हा समज आधी काढून टाका. साधारण ६५ हॉर्सपॉवरचं इंजिन आयडलला तासाला जेमतेम लिटरभर पेट्रोल खातं. तेच इंजिन पूर्ण जोरात चालताना तासाला २० लिटरच्या आसपास मागतं. तीन चतुर्थांश चोंदलेली लाइनसुद्धा आयडलची गरज आरामात भागवते. म्हणून घरासमोर रेस देऊन काढलेला निष्कर्ष घाटात खोटा ठरतो.

खालचा क्रम तीन प्रकारच्या गाड्यांना लागू आहे : इंजिनावर मेकॅनिकल पंप असलेल्या कार्बोरेटरच्या, एमजीसारख्या जुन्या ब्रिटिश गाड्या, ज्यांच्या मागच्या बाजूला टिकटिक करणारा एसयू कंपनीचा इलेक्ट्रिक पंप असतो, आणि नव्वदच्या दशकातल्या इंजेक्शनच्या. फरक असेल तिथे तो सांगितला आहे.

तयारी

काम उघड्यावर करा. पडवीत किंवा बंद गॅरेजात नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरकत जाते. मागच्या अंगणात पाणी तापवायचा बंब किंवा चूल पेटलेली असेल तर ती पूर्ण विझेपर्यंत थांबा. उजेडासाठी बॅटरीवरचा एलईडी टॉर्च घ्या, वायरला लटकणारा काचेचा बल्ब नको. दोन किलोचा ड्राय पावडर अग्निशामक हाताशी ठेवा, डिकीत नाही.

हे सामान जमवा : डिजिटल मल्टिमीटर आणि चार-पाच मीटर जाड वायर, कमी दाबाचा गेज (कार्बोरेटरसाठी ० ते १० पीएसआय, इंजेक्शनसाठी ० ते १०० पीएसआय; पीएसआय हे दाबाचं एकक), खुणा असलेलं लिटरचं पेट्रोल-रोधक भांडं, रुंद तोंडाची काचेची बरणी, झाकणाचा पाच लिटरचा धातूचा कॅन, दीड मीटर इंधनाचा होज, योग्य मापाच्या क्लिपा आणि नवे वॉशर. होज घेताना त्यावर ‘एसएई जे-३० आर-९’ असा छाप आहे का ते पाहा. आता पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या पद्धतीचं रबर त्यात आतून फुगतं, सोलतं. दुकानात मीटरवर मिळणारा बिनछापाचा काळा पाइप हवेसाठी ठीक, पेट्रोलला नको.

सावध : नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढू नका. एक घोट फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया होतो. हातपंप दीडदोनशे रुपयांत मिळतो.

सावध : इंजेक्शनच्या गाडीत लाइन सोडण्याआधी फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, इंजिन चालू करून आपोआप बंद पडू द्या, मग सेल्फ दोन-तीन सेकंद मारा. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह सोडा. तरीही पहिला जोड फडकं गुंडाळूनच ढिला करा.

टप्पा १ : पेट्रोल की करंट?

पेट्रोल कमी पडलं की इंजिन हळूहळू मरतं. आधी ओढ जाते, मग गाडी ढकलल्यासारखी पुढे-मागे होते, कार्बोरेटरमधून उलटे फटके येतात. पाय थोडा सैल केला की सावरते. करंट (प्लगला ठिणगीसाठी मिळणारी वीज) गेला तर स्विच बंद केल्यासारखं होतं आणि आरपीएमचा काटा एकदम खाली पडतो. तापलेली कॉइल आणि मरायला टेकलेला कंडेन्सर मात्र फसवतात : गरम झाल्यावर मिसिंग, थंड झाल्यावर ठीक, अगदी पेट्रोल अडल्यासारखंच.

म्हणून गाडी बंद पडल्याच्या जागीच दोन गोष्टी पाहा. पहिली, ती थंड व्हायच्या आत, करंट. जादा प्लग वायरला लावून त्याची बॉडी इंजिनाच्या धातूला टेकवा आणि सेल्फ मारा. निळसर, जोरदार ठिणगी हवी. हे करताना पेट्रोलचा कुठलाही जोड उघडा नसावा. दुसरी, फ्लोटची वाटी, म्हणजे कार्बोरेटरमधला पेट्रोल साठवणारा कप्पा. इंजिन निववून कार्बोरेटरचं झाकण उघडा. वाटी अर्ध्याच्या खाली किंवा कोरडी असेल तर पेट्रोल अडतंय हे पक्कं. वाटी भरलेली असेल तर पुढचे टप्पे करू नका. दोष जेटमध्ये (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक छिद्र), करंटमध्ये किंवा हवेच्या गळतीत आहे.

गेज पाव टाकी दाखवतोय यावर विश्वास ठेवू नका. जुन्या टाकीचा फ्लोट गंजाने अडकतो. काडी बुडवून बघा किंवा सरळ दहा लिटर ओता.

टप्पा २ : टाकीचा श्वास

हा टप्पा फुकट आहे आणि सगळ्यात जास्त वगळला जातो. पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा टाकीत आली पाहिजे. वाट बंद असेल तर टाकीत निर्वात तयार होतो, पंप ओढून ओढून थकतो आणि पंधरा-वीस मिनिटांत गाडी बसते. थांबल्यावर हवा हळूच आत शिरते आणि गाडी ‘आपोआप बरी’ होते.

गचके सुरू होताच गाडी थांबवून झाकण उघडा. ‘फुस्स’ करून हवा आत ओढली गेली, किंवा टाकीचा पत्रा ‘टण्’ वाजला, तर दोष इथेच. लगेच पुन्हा चालवा. झाकण नुसतं टेकवून ठेवल्यावर गाडी चढत असेल तर खात्री झाली. ही चाचणी टाकी अर्ध्याहून कमी असतानाच आणि थोड्या अंतरासाठीच करा.

दोष दोन ठिकाणी असतो. एक, चोरीला घाबरून बसवलेलं बाजारातलं कुलूपवालं झाकण. मूळ झाकणाला श्वासाचं भोक असतं, नव्याला नसतं. काही गाड्यांचं मूळ झाकणच बंद असतं आणि हवा वेगळ्या नळीतून येते. तिथे झाकणाला भोक पाडू नका, नळी बघा. दोन, तीच नळी. जून ते सप्टेंबर ताडपत्रीखाली उभ्या राहिलेल्या गाडीच्या ब्रीदर नळीत कुंभारीण माशी मातीचं घर बांधते. टोकाला सुकलेली चिकणमाती दिसली तर नळी टाकीपासून सोडवून मगच साफ करा. तशीच हवा मारली तर सगळी माती टाकीत.

टप्पा ३ : तळाचं पेट्रोल बरणीत

ड्रेन बोल्ट असेल तर तो ढिला करून, नसेल तर टाकीकडून आलेला पाइप पंपाजवळ सोडून पहिलं अर्धा लिटर पेट्रोल काचेच्या बरणीत घ्या. झाकण लावून रात्रभर, पेटत्या कशापासूनही दूर, बाहेर ठेवा.

सकाळी काय दिसतं त्यावर बरंच ठरतं. लालसर भुकटी म्हणजे टाकी गंजतेय. काळे पापुद्रे म्हणजे होज आतून सोलतोय. उग्र, वॉर्निशसारखा वास म्हणजे पेट्रोल जुनं झालंय. तळाला वेगळा थर दिसला तर पाणी आहे. इथल्या दमट हवेत रिकामी टाकी रोज रात्री आतून थोडी घामेजते. इथेनॉल ते पाणी काही मर्यादेपर्यंत सामावून घेतं. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात, आणि टाकीतून पेट्रोल ओढणारी पिकअप नळी तळाशीच असल्यामुळे इंजिनाला आधी तेच जातं.

तपासा : थर आहे की काचेचा भास, याची शंका असेल तर खाण्याच्या पातळ रंगाचे दोन थेंब टाका. रंग पाण्यात पसरतो, पेट्रोलात पसरत नाही.

थर सापडला तर वरचं ‘चांगलं’ पेट्रोल वाचवायचा मोह नको. त्यातलं इथेनॉल खाली गेलेलं असतं, म्हणजे ऑक्टेनही घसरलेला. टाकी पूर्ण रिकामी करा.

टप्पा ४ : इलेक्ट्रिक पंपाला व्होल्टेज

मेकॅनिकल पंप असेल तर पुढे जा. फक्त एक बघा : इंजिन ऑइलची काडी. ऑइलची पातळी वाढली असेल आणि त्याला पेट्रोलचा वास असेल तर पंपाचा पडदा फाटलाय. इंजिन चालू करू नका. पंप बदला, ऑइलही बदला.

इलेक्ट्रिक पंपात होणारी नेहमीची चूक म्हणजे पंपाच्या वायरचा जोड काढून मीटर लावणं. १२.६ व्होल्ट दिसतात, सगळं ठीक वाटतं. लोड नसताना गंजलेली वायरसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवते. मोजायचं ते पंप जोडलेला आणि चालू असताना.

मीटरची एक काडी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी पंपाच्या पॉझिटिव्हवर. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. मग बॅटरीची निगेटिव्ह आणि पंपाचं अर्थ यांच्यात मोजा. इथे ०.२ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग खराब. किनाऱ्यालगतच्या गाड्यांत बहुतेक वेळा दोष अर्थिंगचाच निघतो. खारी हवा डिकीतल्या अर्थच्या स्क्रूखाली शिरते, वरून रंग शाबूत असतो आणि खाली हिरवट भुकटी. स्क्रू काढून पत्रा चकचकीत घासा, टर्मिनल नवं लावा, वरून ग्रीस. गोव्यात बनलेल्या सॅन स्टॉर्मसारख्या फायबर बॉडीच्या गाडीत बॉडीतून अर्थ मिळतच नाही. तिथे चॅसीपर्यंत जाणारी प्रत्येक अर्थ वायर शोधावी लागते.

पॉझिटिव्हकडे फरक जास्त असेल तर फ्यूजच्या पट्ट्या, इग्निशन स्विच आणि रिले या क्रमाने बघा. नव्वदच्या दशकातल्या होंडा गाड्यांचा मेन रिले आतल्या सोल्डरला तडा गेल्याने गरम झाल्यावर सोडतो, ही जुनीच बदनामी आहे. नवा आणण्याआधी उघडून तडा दिसतो का पाहा.

एसयू पंप कानाने तपासता येतो. इंजिन बंद, स्विच चालू : काही टिकटिक होऊन थांबायला हवं. अजिबात आवाज नाही म्हणजे पॉइंट (पंपातले करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) किंवा अर्थिंग. हातोडीच्या दांड्याने हळूच टकटक केल्यावर चालू झाला तर पॉइंट जळालेत. न थांबता भराभर टिकटिक आणि पेट्रोल नाही म्हणजे पंप हवा ओढतोय.

टप्पा ५ : दाब नव्हे, आधी माप

सगळ्या निदानाचा कणा हाच. दाब बरोबर असूनही पेट्रोल कमी येऊ शकतं, कारण बंद लाइनवर थकलेला पंपही दाब दाखवतो.

कार्बोरेटर, इलेक्ट्रिक पंप : कॉइलची वायर काढा, कार्बोरेटरकडे जाणारा पाइप सोडून होजने भांड्यात घ्या, पंप बरोबर एक मिनिट चालवा. अर्धा लिटरच्या आसपास यायला हवं आणि धार सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी हवी. पहिली वीस सेकंद जोरात आणि मग कमी होणं हे मागच्या बाजूला अडथळा असल्याचं लक्षण आहे. मेकॅनिकल पंपाला सेल्फ मारावा लागतो. दहा-दहा सेकंद मारा, मध्ये सेल्फला विश्रांती द्या. प्रत्येक झटक्याला भरदार पिचकारी हवी, बुडबुडे नकोत.

इंजेक्शन : रेग्युलेटरची (पेट्रोलचा दाब ठरावीक ठेवणाऱ्या भागाची) जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी रिटर्न नळी सोडून भांड्यात घ्या. लोडवर नसतानाही मिनिटाला लिटरभर तरी परत यावं. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला धरा.

आता निर्णायक चाचणी. पाच लिटरच्या कॅनमध्ये स्वच्छ पेट्रोल घ्या, टाकीकडून येणारा पाइप पंपाच्या तोंडापासून काढा आणि तिथे कॅनची नळी लावा. कॅन टाकीच्याच उंचीला, जमिनीवर पक्क्या आधाराने ठेवा, सीटवर नाही. तीच एक मिनिटाची चाचणी पुन्हा. टाकीतून ३०० मिली आणि कॅनमधून ५५० मिली आलं तर पंप निर्दोष, अडथळा मागे आहे : टप्पा ६ आणि ७. दोन्हीकडून ३०० आलं आणि व्होल्टेज बरोबर होतं, तर पंप गेला. दोन्हीकडून भरपूर आलं तर टप्पा ८. पंप टाकीच्या आतच असेल तर कॅनची चाचणी शक्य नाही. पंप बाहेर काढून त्याच्या तळाची जाळी बघावी लागेल.

माप झाल्यावर दाब. कार्बोरेटरला २.५ ते ४ पीएसआय. साध्या इंजेक्शनला रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढल्यावर साधारण २.५ ते ३ बार. नळी जोडल्यावर तो थोडा उतरला पाहिजे.

सावध : कार्बोरेटरच्या गाडीला इंजेक्शनचा पंप ‘जास्त ताकदीचा’ म्हणून बसवू नका. वाटी भरली की पेट्रोल बंद करणारा नीडल व्हॉल्व्ह तो दाब धरत नाही, पेट्रोल गरम एक्झॉस्टवर सांडतं.

टप्पा ६ : पंपाच्या मागची लाइन

ओढणाऱ्या बाजूची भेग बाहेर ठिबकत नाही, ती हवा आत घेते. म्हणून ‘कुठे गळत नाही’ हा पुरावा नाही. पंपाच्या आधी तात्पुरता पारदर्शक तुकडा लावा आणि इंजिन चालवा. सलग बुडबुडे दिसले तर टाकीपर्यंतचा प्रत्येक होज आणि क्लिप तपासा. चाचणीनंतर तो तुकडा काढून टाका, पारदर्शक प्लास्टिक पेट्रोलात कडक होऊन तडकतं.

लोखंडी पाइप क्लिपांच्या खाली हात लावून बघा. लाल माती तिथे साचते, पावसाळाभर ओली राहते, आणि पाइप नेमका झाकलेल्या जागी कुजतो. उंदीर-घुशींनी कुरतडलेला होज बहुधा टाकीच्या वरच्या बाजूला असतो, खालून दिसत नाही.

होज वाकवून पाहणं पुरेसं नाही. आतला थर सुटून जिभेसारखा लोंबतो आणि ओढ वाढली की वाट बंद करतो. दहा वर्षांपूर्वीचा कुठलाही रबरी तुकडा चांगला दिसला तरी बदला.

फिल्टरबद्दल : पंपाच्या आधी जाडसर जाळीचा, पंपानंतर बारीक. उलटं केलं, किंवा तीन ठिकाणी तीन छोटे प्लास्टिकचे फिल्टर लावले, तर तुम्हीच अडथळा तयार केलात. इंजेक्शनचा पंप ढकलतो चांगला, ओढतो वाईट. त्याच्या तोंडाशी बारीक कागदी फिल्टर लावला की तो किंचाळतो आणि लवकर मरतो.

टप्पा ७ : टाकी

पाइपातून टाकीकडे उलटी हवा मारणं हा गॅरेजमधला आवडता इलाज. जाळीवरचा कचरा बाजूला होतो, गाडी घरी जाते आणि वीस किलोमीटरवर कचरा परत जाळीवर. निदान म्हणून ठीक आहे : हवा मारल्यावर माप वाढलं तर जाळी चोंदली आहे एवढं कळतं. दुरुस्ती म्हणजे टाकी उतरवणं.

पूर्ण रिकामी करा, सेंडर (गेजला पातळी कळवणारा भाग) आणि पिकअप काढा, भांडी घासायच्या द्रव साबणाने आणि भरपूर पाण्याने तीन-चार वेळा धुवा. गंजासाठी लिटरला १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरा, २४ तास ठेवा. आत पडदे असलेल्या टाकीत नट-बोल्ट किंवा खडी टाकून हलवू नका, दोन-चार कायमचे आत राहतात. साखळी चालते, ती ओढून काढता येते. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन उरलेल्या ॲसिडचा जोर घालवा.

इथून पुढे घाई करा. ओला, उघडा पत्रा आपल्या हवेत तासाभरात लाल होतो. शेवटचं पाणी ओतताच आयसोप्रोपिल अल्कोहोलने खंगाळा, ब्लोअरच्या नुसत्या हवेने कोरडी करा, टू-स्ट्रोक ऑइल थोडं घालून सगळीकडे फिरवा. हे काम ऑक्टोबर ते मे मध्येच करावं. आतून लावायचा सीलर पूर्ण कोरडेपणा मागतो, ओलसर पत्र्यावर लावलेला सीलर वर्षभरात पापुद्रे होऊन जाळीवर येतो. टाकी गळत नसेल तर सीलर लावूच नये, असं आमचं मत.

सावध : ‘रिकाम्या’ टाकीला वेल्डिंग किंवा ज्योतीने झाळ लावायला देऊ नका. भरलेल्या टाकीपेक्षा वाफेची टाकी जास्त घातक.

टप्पा ८ : पंपाच्या पुढे

वेबर कार्बोरेटरवर पेट्रोल शिरतं तिथे मोठ्या पितळी षट्कोनी टोपीखाली बारीक जाळी असते. पूर्ण कार्बोरेटर खोललेला असूनही ही जाळी तशीच राहिलेली पुष्कळदा सापडते. मग नीडल व्हॉल्व्ह : वर-खाली सहज हलतो का, टोकाला खाच पडली आहे का. फ्लोट हलवून पाहा, आत पेट्रोल खुळखुळत असेल तर बदला. पातळी मॅन्युअलप्रमाणे मोजून लावा, नजरेने नाही. जेट तारेने कोरू नका.

सगळी मापं बरोबर आणि तरी ओढ कमी, प्लग पांढरट? मग पेट्रोल अडत नाहीये, मिश्रण पातळ आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साडेतेराच्या आसपास. जुन्या जेटवर इंजिन तेवढं उपाशी चालतं. मेन जेट एक पायरी मोठा करून प्लगचा रंग पुन्हा बघा.

टप्पा ९ : फक्त उन्हात होत असेल तर

एप्रिल-मे मध्ये घाट चढून थांबल्यावर गाडी चालूच होत नसेल तर ओलं फडकं पंपावर आणि पाइपावर ठेवा, एक्झॉस्टवर नाही. पाच मिनिटांत चालू झाली तर वाफ अडकत होती. पाइपाला लाकडी चिमटे लावून काही होत नाही. पाइप एक्झॉस्टपासून दूर घ्या, मध्ये पत्र्याचा आडोसा द्या, कार्बोरेटरखालचा बेकेलाइटचा ठोकळा जागेवर आहे का बघा. कुणीतरी तो काढून पातळ गॅस्केट लावलेलं असतं. मागे टाकीजवळ खाली इलेक्ट्रिक पंप बसवणार असाल तर अपघातात करंट तोडणारा इनर्शिया स्विच सोबत हवाच.

टप्पा १० : घाटातली चाचणी

एका वेळी एकच बदल करा, नाहीतर नेमकं काय सुधारलं ते कळणार नाही. घरासमोर दहा मिनिटं चालवून सगळे जोड कोरड्या टिश्यूने पुसा. टिश्यू ओला झाला तर घाट नंतर.

गेज लांब होजने बॉनेटखालून काढून काचेच्या बाहेर टेपने चिकटवा. पेट्रोलची नळी गाडीच्या आत आणायची नाही. वाचन सोबतचा माणूस करेल. टाकी पाव भरलेली ठेवा, कारण भरलेल्या टाकीत दोष लपतो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये सलग चढ घ्या. पाय पूर्ण दाबल्यावर दाब अर्ध्या पीएसआयने हलला तर हरकत नाही. इंजेक्शनच्या गाडीत उलट दाब किंचित वाढला पाहिजे. तो सतत खाली सरकत गेला तर गाडी गचका देण्याआधीच वळा आणि टप्पा ५ पासून पुन्हा मोजा.

टाकी साफ केली असेल तर पहिल्या १०० किलोमीटरनंतर फिल्टर उघडा, मग ५०० नंतर. इथेनॉल जुना चिकट थर सोडवत राहतं, आणि पहिले दोन फिल्टर त्यातच जातात. जादा फिल्टर, दोन क्लिपा आणि स्क्रू-ड्रायव्हर डिकीत टाकून ठेवा.